पॅसेंजर गाडीचे उद्यापन

मित्रांनो, रोह्याच्या यार्डात अगदी कडेच्या रुळावर, रुईच्या झुडपांत एक गाडी उभी दिसते ना, ती मीच. मी एक जुनी पॅसेंजर गाडी आहे. माझा रंग निळा होता, पण आता तो सांगावा लागतो. खिडक्यांच्या गजांवर गुळवेल चढली आहे. रुळापलीकडून मुले मला हात करतात. खरे तर मला आनंद व्हायला हवा. पण मला लाज वाटते. ती का वाटते, तेवढेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. मला ओढायला वेगळे इंजिन लागत नसे. इंजिन माझ्याच पोटात होते आणि ते डिझेलवर चालायचे. पहिल्या दिवशी कुणी तरी माझ्या कपाळावर कुंकू लावले, पुढ्यात नारळ फोडला आणि आंब्याचा टहाळा बांधला. मग मला कोकणात पाठवले. पनवेलहून निघायचे, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचायचे आणि तसेच परत फिरायचे. एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला भातखाचरे. हेच माझे जग.

ते दिवस फार छान होते. माझ्या बाकांवर बसून बायका वालाच्या शेंगा सोलायच्या. पेणेहून पोह्यांच्या पापडांची पुडकी यायची. रोह्याच्या कंपन्यांतले कामगार शिफ्ट सुटली की डब्यात शिरायचे आणि बसल्या जागी डुलक्या घ्यायचे. श्रावण सरत आला की हमरापूरला जवळच्या जोहे गावच्या कारखान्यांतले गणपती चढायचे. मूर्तीच्या मुखावर कोरा रुमाल टाकलेला असे. तो रुमाल दिसला की भांडणारी माणसेसुद्धा आवाज उतरवायची. कुणी ढकलाढकली करत नसे. 'सावकाश हो, देव आहे,' एवढेच ऐकू यायचे. त्या दिवसांत मला वाटे, मीही काही साधीसुधी गाडी नाही. माझ्या मांडीवर देव बसून जातो.

हा माझा गर्व मला पुढे फार महागात पडला.

माझे चालक होते दामोदर. ते पेणचे. घरातली सगळी माणसे शिक्षक झाली आणि हे एकटे गाडीवर आले. चढण्यापूर्वी माझ्या पायरीला हात लावून तो कपाळाला न्यायचे. आंघोळ आणि गणपतीचे स्तोत्र झाल्याशिवाय ते कधी कामावर आले नाहीत. स्वभावाने प्रेमळ, पण कौतुकाचे जरा भुकेले. तशी मीही होतेच.

रोह्याहून दुपारी परत निघाले की निडी स्टेशनच्या अलीकडे एक फाटक लागते. त्या फाटकापाशी एक बाई उभी असायची. नऊवारी लुगडे, कपाळावर मोठे कुंकू. मी दिसले की ती दोन्ही हात जोडायची, डोळे मिटायची आणि माझा शेवटचा डबा जाईपर्यंत तशीच उभी राहायची. एक दिवस चुकला नाही. उन्हात पदर डोक्यावर, पावसात इरले डोक्यावर, पण बाई जागच्या जागी.

तिला पाहून दामोदर सदरा नीट करायचे आणि लांबलचक भोंगा वाजवायचे. रोह्याला दुसऱ्या चालकांना सांगायचे, "तुमच्या एक्स्प्रेस असतील मोठ्या. पण हात जोडतात ते माझ्या पॅसेंजरला!" मीही फुगायचे. मला वाटे, गणपती नेते म्हणून ही बाई मलाच देव मानते.

मित्रांनो, पॅसेंजर गाडीला सगळ्यांना वाट द्यावी लागते. एक्स्प्रेस आली की बाजूला व्हायचे, मालगाडी आली की बाजूला व्हायचे. आमच्या घरचा नियमच तो. बाजूच्या रुळावर उभे राहायचा मला कधी कंटाळा आला नाही. डब्यात पत्त्यांचा डाव रंगायचा, एखादा म्हातारा अभंग धरायचा, मी ऐकत राहायचे. अशाने फाटकापाशी पोचायला कधी संध्याकाळ व्हायची, कधी दिवेलागण. पण बाई असायचीच. उशीर झाला की ती दगडावर बसलेली असायची आणि मला पाहून हात टेकून, जरा धडपडत उठायची. आम्हाला वाटे, वय झाले असेल.

खरे काय ते एका हिवाळ्यात कळले. निडी स्टेशनात मैना नावाची भाजीवाली टोपली कमरेवर घेऊन थेट दामोदरांच्या खिडकीखाली आली. त्या दिवशी मी फारच उशिरा आले होते.

"ओ डायवरदादा, जरा घड्याळ बघत जावा की!"

दामोदर हसले. "घड्याळ बघून काय करू मैनाबाई? मला सिग्नल बघावा लागतो. तुझी मेथी काय एवढ्यात सुकत नाही."

"मेथीचा काय घेऊन बसलाव? आमची हौसाबाय सुकली तुमच्यापायी. तुमची गाडी जाल्याबिगर तोंडात घास नाय घालत ती."

"कोण हौसाबाई?"

"घ्या! कोण म्हून इचारतात! फाटकापाशी रोज हात जोडते ती. तुमाला काय वाटला, तुमची आरती करते?"

डब्यातली माणसे खो खो हसली. दामोदरांचा हात भोंग्याकडे गेला होता, तो तसाच मागे आला. त्या दिवशी निडीहून निघताना आमचा दोघांचाही आवाज बसला होता.

मग हळूहळू सगळे समजले. हौसाबाईचा मुलगा जगन रोह्याच्या कंपनीत लागला, तेव्हा तो माझ्याच डब्याच्या दारात लोंबकळत घरी यायचा. आईचा जीव टांगलेला. तिने एका आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने बायका काहीबाही नेम धरतात. कुणी मीठ सोडते, कुणी मौन धरून जेवते, कुणी गाईला घास दिल्याशिवाय पानावर बसत नाही. हौसाबाईने धरले की, मुलाची गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अन्नाचा घास घ्यायचा नाही. सकाळी चहा आणि फार तर एखादे रताळे. कार्तिकात नेम संपायचा, पण त्या वर्षी घरात सुतक आले आणि उद्यापन राहिले. पुढच्या वर्षी भातकापणी लांबली. असे करता करता वर्षे गेली. नेम चालूच राहिला.

तिने मला हात जोडले नव्हते, मुलांनो. आज जेवायला मिळणार, म्हणून तिने देवाचे आभार मानले होते. आणि ते आभार आम्ही आमच्या खिशात घातले होते.

दामोदरांनी मैनाच्या हाती निरोप धाडून हौसाबाईला निडीच्या फलाटावर बोलावले. मी समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबले होते. दामोदर खाली उतरले. मी कान देऊन ऐकत होते.

"हौसाबाई, तुमचा जगन आता मोटारसायकलवर जातो म्हणे."

"व्हय. हेल्मेट पन घालतो."

"अहो, मग गाडीचा नेम कशाला? पोरगा घरी येऊन जेवून झोपतो, आणि तुम्ही फाटकात उपाशी?"

हौसाबाईने पदर सारखा केला. "गाडीत कुनाची ना कुनाची पोरं असतातच की दादा. माझा उतरला म्हून मी उठून जाऊ?"

दामोदर हलक्या आवाजात म्हणाले, "आम्हाला फार उशीर होतो हो. आम्हाला पाप लागेल."

"तुमाला कसला पाप? नेम मी घेतला, तुमी नाय. अन उशीर जाला की भूक चांगली लागते." ती हसली. तिचे हसणे मला माझ्या ब्रेकच्या कर्कश आवाजापेक्षा जास्त लागले.

"मग सोडा तो नेम. मी हात जोडतो."

"असा कसा सोडू? उद्यापन करावा लागतो."

नेम धरला की तो मध्येच टाकता येत नाही. त्याची सांगता करावी लागते, तेच उद्यापन. आणि उद्यापनात, जे आपण सोडले तेच दुसऱ्याला द्यायचे. मीठ सोडले तर मीठ द्यायचे.

"मग तुम्ही काय सोडलंत?" दामोदरांनी विचारले.

हौसाबाई विचारात पडली. "मी येळेवरचा जेवन सोडला."

"मग तेच मला द्या. या नोकरीत मी वेळेवर जेवलोय कुठे? मार्चअखेर मी रिटायर होतोय. शेवटच्या दिवशी इथे निडीला गाडी थांबेल तेव्हा तुमच्या पानावर जेवीन आणि मगच पुढे जाईन. बोला, चालेल?"

तिचा चेहरा उजळला. "वालाचा बिरडा खाता नव्हं?"

"दोनदा वाढलंत तरी."

असे ठरले. पण माझी शांतता त्या दिवसापासून गेली. आता बाजूच्या रुळावर थांबले की पत्त्यांचा डाव गोड लागेना. म्हाताऱ्याचा अभंग कानात शिरेना. समोरून एक्स्प्रेस झपकन निघून जायची आणि मला फक्त तो दगड दिसायचा, त्यावर बसलेली बाई दिसायची. सिग्नल पडत नव्हता, मला हलता येत नव्हते. दामोदर खिडकीत बसून पुटपुटायचे, "सोड रे बाबा, सोड लवकर." फाटक आले की ते मान खाली घालायचे आणि भोंगा अगदी तुटका, चोरटा वाजवायचे. लांब भोंगा वाजवायची त्यांची हिंमत होईना.

एक दिवस मैना खिडकीशी येऊन म्हणाली, "डायवरदादा, हौसाबाय इचारते, तुमी रागावलाव का? भोंगा बारीक का वाजवता? वाट बघून ती मधीच घरात कामाला जाते, तिथं ऐकू येत नाय. तिला धावत यावा लागतो."

दामोदरांनी कपाळावर हात मारून घेतला. लाजेपायी आम्ही तिचे काम आणखी वाढवले होते. दुसऱ्या दिवसापासून भोंगा पुन्हा लांब वाजू लागला.

मार्च आला. हौसाबाईने कडवे वाल निवडून ठेवले, अशी बातमी मैनाने आणली. आणि त्याच महिन्यात ती मोठी साथ आली. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, काहींना घरच्यांनी सांगितले असेल. सगळ्या गाड्या थांबवल्या. मला रोह्याच्या यार्डात आणून उभे केले. सगळे म्हणत होते, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. दामोदरांनी आपल्या केबिनचे दार लावले, पायरीला हात लावून तो कपाळाला नेला आणि मिळालेल्या वाहनाने पेणेला गेले. ती माझी शेवटची फेरी होती, हे मला ठाऊक नव्हते. हार नाही, नारळ नाही. दामोदरही घरात बसल्या बसल्याच रिटायर झाले.

यार्डात माझी देखभाल काळुराम मिस्त्री करायचे. तोंडावर रुमाल बांधून ते एकटेच यायचे. एका दुपारी जगन मोटारसायकलवरून तिथे आला. त्याच्या कंपनीत औषधांचे काम होते, म्हणून त्याला येण्याजाण्याचा पास होता.

"काळुकाका, ही गाडी कधी सुटणार?"

"वरून हुकूम आल्यावर. का रे? तू तर फटफटीवाला."

"आईने अन्न सोडलंय. गाडी दिसत नाय म्हणून. चहा अन रताळं, बास. काल फाटकात चक्कर येऊन पडली."

काळुराम हातातला पाना ठेवून खाली बसले.

"मी सगळं करून बघितलं, काका. मालगाडी चालू हाय ना, ती गेल्यावर म्हटलं, आये, गाडी गेली, जेव आता. तर म्हणते, मालगाडीत कुणाची पोरं बसतात रं?"

"अरे, डायवर असतो की!"

"तेही सांगितलं. म्हणाली, तो त्याच्या आयेचा नेम. मग मैनाकाकीने घरामागे जाऊन पाववाल्याचा भोंपू वाजवला."

"मग?"

"आई आतून ओरडली, पाव नको."

काळुराम हसले. पण जगनच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्या दोघांच्या मागे उभी होते, मोठी, जड, लोखंडाची. इंजिन पोटात होते, रूळ पायाखाली होते. फाटक काही दूर नव्हते. आणि मला चाक हलवता येत नव्हते. त्या क्षणी मला कुणी मोडीत काढले असते, तर मी हूं की चूं केले नसते.

काळुरामांनी दामोदरांना फोन लावला. सगळे सांगून त्यांनी फोन जगनच्या हाती दिला. मग दामोदर म्हणाले, "मला पेणेतून निघता येत नाही रे जगन. पण आईला सांग, उद्यापन थांबवू नका. मी नसलो तरी गाडी आहे. गाडीलाच जेवू घाला."

"आई विचारेल, गाडी जेवणार कशी?"

"म्हणावं, देव जेवतो तशी."

दुसऱ्या दिवशी बरोबर दुपारच्या जेवणाच्या वेळेला जगन आला. स्टीलच्या डब्यात गरम भात, वालाचे बिरडे, तांदळाची खीर. सोबत केळीचे पान, हळदकुंकवाची पुडी आणि तांब्या. माझ्या तोंडापुढची खडी त्याने हाताने सारखी केली आणि पान मांडले. पानाभोवती पाणी फिरवले. कुंकवाचे बोट माझ्या लोखंडाला लावले. फोन चालू होता, पलीकडे हौसाबाई होती.

मित्रांनो, माझी अवस्था तेव्हा कशी होती, ते सांगते. माझ्या बाकाखाली कुत्रीने पिल्ले घातली होती. दाराच्या कोपऱ्यांत पानाच्या पिंका सुकलेल्या, काचांवर धुळीचे थर. आणि त्या बाईचा नैवेद्य माझ्या पुढ्यात वाफाळत होता. जिच्यामुळे ती वर्षानुवर्षे उपाशी बसली, तिलाच ती आधी जेवायला वाढत होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

फोनमधून क्षीण आवाज आला. "मांडला का रं?"

"मांडला, आये."

"मंग भोंगा वाजूं दे. तिला आवडला का नाय, कळाया पाहिजे."

काळुराम म्हणाले, "बॅटरीसाठी आज इंजिन चालू करायचंच होतं. थांब." ते वर चढले. मी खोकले, धूर काढला, अंग थरथरले. भोंग्याला हवा लागते, ती भरलीच नव्हती. पहिल्यांदा माझ्यातून बकरीच्या पिल्लाच्या ओरडण्यासारखे काहीतरी निघाले.

"हा कोन?" हौसाबाई म्हणाली. "मैने, तू परत भोंपू आनलास?"

"मी हितं तुझ्याजवळ बसलीय गो!" मागून मैना ओरडली.

हवा भरेपर्यंत काळुराम थांबले. मीही माझे सगळे बळ गोळा केले. मग भोंगा वाजला. लांब, भरलेला, दामोदर वाजवायचे तसा. फोनमध्ये बांगड्या वाजल्या. तिने हात जोडले असणार.

"जेवते का ती?" तिने विचारले.

जगनने काळुरामांकडे पाहिले. काळुराम खाली उतरले, हात धुतले, तोंडावरचा रुमाल सोडला आणि माझ्या पायरीवर पान मांडीवर घेऊन बसले. पहिला घास खाल्ला. "जेवते हो हौसाबाई. बिरडं झकास झालंय म्हणते. आता तुम्ही बसा."

मग पलीकडे ताट सरकल्याचा आवाज आला. ती सावकाश जेवत होती आणि आम्ही तिघे रोह्याच्या यार्डात, भर दुपारी, एक बाई जेवते ते ऐकत होतो. जगन माझ्या दाराला डोके टेकून रडत होता.

जेवण झाल्यावर हौसाबाई म्हणाली, "जगन्या, फोन गाडीजवळ धर."

त्याने धरला.

"जेवले गो बाय मी. पोट भरला. रोज यायचा, हा तुझा पन नेमच होता. कवा उशीर जाला आसंल, पन तू टाकला नाय. आज तुझा पन उद्यापन जाला. आता निवांत रव्हा."

मी काय बोलणार? तिने मला रागावायला हवे होते. तिने माझा उशीरसुद्धा नेमात जमा करून टाकला. कुंकवाचे ते बोट पुढच्या पावसात धुऊन गेले, पण ते शब्द मला अजून खाली मान घालायला लावतात.

त्यानंतर साथ ओसरली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या. माझ्या जागी विजेवर चालणारी नवी गाडी आली. ती चटपटीत आहे, गुणाची आहे. मला कुणी बोलावले नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही. माझी सांगता झाली होती. मैना अजून रोह्याला भाजी घेऊन येते. यार्डापाशी थांबून मला मोठ्याने सांगते, "हौसाबाय बरी हाय गो! बारा वाजले की पानावर बसते. आता आमालाच म्हनते, उशीर करतास."

मुलांनो, मला काही मोठे शहाणपण सांगता येत नाही. एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी 'तुम्ही जेवा, मी मागून बसते' म्हणत असेल, तर ती कुणासाठी थांबते, ते विचारा. ती तुमच्यासाठी थांबत असेल, तर वेळेवर घरी या. उशीर होणारच असेल, तर निरोप पाठवा. मला निरोप पाठवता येत नव्हता. तुम्हाला येतो.